डायनाचं आजोळ: एका वंशावळीच्या तक्त्याच्या नोंदी

२ जुलै

वाचनालयाने तक्त्याला होकार दिला. श्रावणात वंशावळींचं छोटं प्रदर्शन आहे. चार जुने कुलवृत्तांत, एक मोडीतली इनामाची यादी आणि एक परदेशी घराणं, असं ठरलंय. परदेशी घराणं माझ्या वाट्याला आलं आणि मी डायना स्पेन्सरचं नाव दिलं. भाची म्हणाली, "मावशी, तिच्यावर तर सगळं लिहून झालंय." लिहून झालंय ते तिच्या लग्नावर, तिच्या कपड्यांवर आणि पॅरिसच्या बोगद्यावर. ती कोणाची कोण, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी मांडलेलं नाही.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मी दोन वर्षं खपले. त्यात प्रत्येक पुरुषाखाली त्याचे मुलगे, मग नातू, मग पणतू. मुलींसाठी एक ओळ आणि कंसात सासरचं आडनाव. तिथे तिची फांदी संपते. त्या ओळींपाशी दर वेळी माझं बोट थांबायचं. डायनाच्या बाबतीत बापाकडची बाजू पाचशे वर्षं लिहिलेली आहे. आईकडची बाजू मात्र कुणीतरी शोधून काढावी लागली आणि ती थेट आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचते. दोन्ही बाजू एकाच कागदावर, सारख्याच जाडीच्या रेघांनी मांडायच्या.

साधन: पुठ्ठ्याची कार्डं, माणशी एक. वडिलांकडची निळी, आईकडची तांबडी. पहिलं कार्ड लिहिलं: डायना फ्रान्सिस स्पेन्सर, जन्म १ जुलै १९६१, पार्क हाउस, सँड्रिंगहॅम, नॉरफोक.

५ जुलै

निळी कार्डं सुरू. स्पेन्सर मुळात मेंढ्या पाळणारे. वॉरिकशरमध्ये कुरणं, लोकर आणि मांसाचा व्यापार, त्यातून पैसा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन स्पेन्सरने आधी वर्मलेटन आणि १५०८ मध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधलं अल्थॉर्प घेतलं. आजही घराणं तिथेच आहे. १६०३ मध्ये रॉबर्ट स्पेन्सर बॅरन, म्हणजे उमराव, झाला. देशात रोकड पैसा सगळ्यांत जास्त याच्याकडे, अशी त्याची ख्याती होती.

१६२१ चा उमरावांच्या सभेतला एक प्रसंग कार्डाच्या मागे लिहिला. स्पेन्सर पूर्वजांच्या थोर कृत्यांबद्दल बोलत होता. ॲरंडेलच्या अर्लने त्याला टोकलं, की त्या काळी तुझे पूर्वज मेंढ्या राखत होते. स्पेन्सरने लगेच सुनावलं, की माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुझे राजद्रोहाचे कट करत होते. ते खरंही होतं. ॲरंडेलचे बाप, आजोबा आणि पणजोबा, तिघांवरही राजद्रोहाचा आरोप येऊन तिघांनाही शिक्षा झाली होती. मेंढपाळ असल्याची लाज न बाळगणारा हा माणूस मला आवडला.

पण त्याच घराण्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीला एक खोटी वंशावळ करवून घेतली होती. मध्ययुगातल्या डिस्पेन्सर या बड्या सरदार घराण्याचे आपण वंशज आहोत, असं तिच्यात दाखवलं होतं. ती सरकारी वंशावळकारानेच जुळवून दिली होती. ती तीनशे वर्षं खरी मानली गेली, मग होरेस राउंड या इतिहासकाराने १९०१ च्या सुमाराला तिचे धागे उसवले. आपल्या कुलवृत्तांतांतही मूळपुरुषाच्या वरच्या तीन-चार पिढ्या कधी कधी अशाच ओढून आणलेल्या असतात. तक्त्यासाठी नियम केला: कागदपत्राचा आधार असेल तिथे सलग रेघ, नसेल तिथे तुटक, खोटं ठरलेलं असेल तिथे रेघच नाही. डिस्पेन्सरांची तीन कार्डं लिहून झाली होती, ती बाजूला काढली.

९ जुलै

मधल्या अर्लांवरून (अर्ल म्हणजे बॅरनहून वरचा उमराव) भरभर पुढे गेले. याच घराण्यातला सन्डरलंडचा पहिला अर्ल १६४३ मध्ये न्यूबरीच्या लढाईत पडला. तिसऱ्याने मार्लबरो ड्यूकच्या मुलीशी, ॲन चर्चिलशी लग्न केलं. पुढे एका मुलाकडे मार्लबरोचं ड्यूकपद गेलं आणि दुसऱ्याकडे अल्थॉर्प राहिलं. विन्स्टन चर्चिल पहिल्या फांदीवर, डायना दुसरीवर. १७६५ पासून अल्थॉर्पच्या फांदीला 'अर्ल स्पेन्सर' ही पदवी आहे. दुसऱ्या अर्लचं ग्रंथवेड जगप्रसिद्ध होतं. त्याचा संग्रह १८९२ मध्ये विकला गेला आणि त्यातून मँचेस्टरचं जॉन रायलंड्स ग्रंथालय उभं राहिलं. वाचनालयात लावायचा तक्ता आहे, म्हणून त्याचं कार्ड थोडं मोठं केलं.

आज एक चूक सापडली. भाचीने स्प्रेडशीटमध्ये "लेडी डायना स्पेन्सर" हे नाव एकदाच घेतलं होतं आणि दोन बायकांच्या तारखा त्या एकाच ओळीत भरल्या होत्या. पहिली लेडी डायना १७१० मध्ये जन्मली. आई लवकर गेली, म्हणून मार्लबरोची वृद्ध डचेस सारा हिने तिला वाढवलं. या आजीने नातीचं लग्न युवराज फ्रेडरिकशी लावायचा घाट घातला आणि एक लाख पौंड हुंडा कबूल केला. पंतप्रधान वॉलपोलला सुगावा लागला आणि त्याने तो मोडला. ती पुढे बेडफर्डच्या घराण्यात पडली आणि १७३५ मध्ये क्षयाने गेली. म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सशी लग्न व्हायचं असलेली एक डायना स्पेन्सर अडीचशे वर्षं आधीच होऊन गेली होती. दोन कार्डं वेगळी केली आणि नावापुढे जन्मसाल लिहायचं ठरवलं, सगळ्यांच्याच.

राजघराण्याचं रक्त तर होतंच. दुसऱ्या चार्ल्सला औरस संतती नव्हती, पण ग्राफ्टन आणि रिचमंड या त्याच्या दोन अनौरस मुलांच्या वंशरेषा डायनापर्यंत येतात. तिसरा चार्ल्स त्याचा वंशज नाही. विल्यम गादीवर बसेल तेव्हा दुसऱ्या चार्ल्सचं रक्त पहिल्यांदाच सिंहासनावर येईल, आणि तेही आईकडून.

१३ जुलै

आज पार्क हाउस. "साध्या मुलीला राजपुत्र भेटला" हे जे आपण वर्षानुवर्षं ऐकलं, ते तक्त्यासमोर टिकत नाही. पार्क हाउस राणीच्या सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीतलंच घर. वडील सहाव्या जॉर्जच्या आणि मग एलिझाबेथच्या खास सेवेत. आईवडिलांचं लग्न १९५४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत, राणीच्या उपस्थितीत. दोन्ही आज्या राजमातेच्या अंतःपुरातल्या मानकरी. मधली बहीण जेन राणीच्या खाजगी सचिवालयातल्या अधिकाऱ्याला दिलेली. शेजारच्या वाड्यातली मुलगी करून घेतली, असंच आपल्याकडे म्हटलं असतं. तरी एक गोष्ट खरी: गादीच्या वारसाला इंग्रज मुलगी दिली गेली ती तीनशे वर्षांनी. त्याआधीची ॲन हाइड, १६६० मधली.

या घरातली दुसरी गोष्ट लिहिताना हात जड झाला. थोरली सारा १९५५, जेन १९५७, मग जॉन १२ जानेवारी १९६० ला जन्मला आणि त्याच दिवशी गेला. अर्लपद आणि अल्थॉर्प मुलालाच मिळणार, म्हणून घराला मुलगा हवा होता. फक्त मुलीच का होतात, हे तपासायला डायनाच्या आईला, फ्रान्सिसला, लंडनच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. वय अवघं चोवीस, नुकतंच मूल गेलेलं. मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं, हे विज्ञानाला तेव्हाही माहीत होतं. तपासणी मात्र आईची झाली. मग डायना झाली. घरच्यांनी मुलाचंच नाव मनाशी धरलं होतं, त्यामुळे तिचं नाव ठरायला आठवडा लागला. धाकटा भाऊ चार्ल्स १९६४ मध्ये जन्मला तेव्हा त्या घराण्याला वंशाचा दिवा मिळाला.

जॉनचं कार्ड लहान करू या का, असं भाचीने विचारलं. नाही. सगळ्यांएवढंच.

१६ जुलै

तांबडी कार्डं सुरू. आई फ्रान्सिस रोश. २० जानेवारी १९३६ ला पार्क हाउसमध्येच जन्मली. त्याच रात्री थोड्याच अंतरावर सँड्रिंगहॅमच्या मोठ्या घरात पाचवा जॉर्ज वारला.

तिचे वडील मॉरिस, चौथे बॅरन फर्मॉय. पदवी आयरिश, पैसा अमेरिकन. मॉरिसचे आजोबा फ्रँक वर्क हे न्यूयॉर्कचे शेअर दलाल, धनाढ्य व्हँडरबिल्टचे विश्वासू. त्यांच्या मुलीने १८८० मध्ये आयरिश उमरावाच्या मुलाशी लग्न केलं, ते मोडलं, आणि तेव्हापासून युरोपातल्या पदव्यांवर म्हाताऱ्याचा राग. नातवांनी अमेरिकेतच राहावं तरच पैसा, अशी अट त्यांनी घातली होती. ती पुढे टिकली नाही आणि मॉरिस १९२१ मध्ये इंग्लंडला आले. तिथे त्यांची मैत्री झाली ती पुढे सहावा जॉर्ज झालेल्या राजपुत्राशी. पार्क हाउस मिळालं ते त्यातून.

आजी रुथ गिल. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळची, पियानो वाजवणारी, पॅरिसमध्ये शिकलेली. १९३१ मध्ये बावीस वर्षांची असताना शेहेचाळीस वर्षांच्या मॉरिसशी लग्न. १९५१ मध्ये तिने किंग्ज लिन इथला संगीत महोत्सव सुरू केला. तो अजून चालू आहे. फ्रान्सिसचा घटस्फोट १९६९ मध्ये झाला तेव्हा मुलांच्या ताब्याच्या खटल्यात या रुथने स्वतःच्या मुलीविरुद्ध साक्ष दिली आणि मुलं वडिलांकडे गेली. डायना तेव्हा आठ वर्षांचीही नव्हती. कार्डावर या गोष्टीला जागा नाही, पण आईकडून आईकडे जाणारी रेघ इथे किती ताणली गेली होती, हे मला लिहून ठेवायचंय.

२१ जुलै

तांबडी रेघ एका पिढीने कमी भरत होती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळलं, की रुथ दोन आहेत. रुथ गिलची आईसुद्धा रुथच, माहेरची लिटलजॉन. दोघींना मी एकच धरलं होतं. बायकांची नावं वंशावळीत अशीच एकमेकींत विरघळतात. पुरुषांना निदान पहिला, दुसरा, तिसरा अर्ल असे आकडे असतात.

आता साखळी अशी बसली. डायनाची आई फ्रान्सिस. आजी रुथ गिल. पणजी रुथ लिटलजॉन. खापरपणजी जेन क्रॉम्बी. जेनची आई कॅथरीन फोर्ब्स. आणि कॅथरीनची आई एलायझा केवार्क, सुरतेची. डायनाच्या खापरपणजीची आजी. सोप्या भाषेत, आईच्या आईच्या आईच्या आईच्या आईची आई.

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवतं. एलायझाची सुरत त्यानंतर दीडशे वर्षांची. व्यापार मुंबईकडे सरकलेला, १८०० पासून शहराचा कारभार पूर्णपणे ईस्ट इंडिया कंपनीकडे. तिथे स्कॉटलंडहून थिओडोर फोर्ब्स नावाचा तरुण कंपनीच्या नोकरीत आला. केवार्क हे आडनाव आर्मेनियन केव्हॉर्कवरून आलेलं. सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती, त्यांची दफनभूमी अजूनही आहे. थिओडोर आणि एलायझा एकत्र राहिले. १८१२ मध्ये मुलगी झाली, कॅथरीन, घरात सगळ्यांची किटी. मग मुलगा अलेक्झांडर.

पुढे थिओडोर मुंबईला गेला आणि फोर्ब्स कंपनीत भागीदार झाला. एलायझा सुरतेतच राहिली. तिथून ती पत्रं पाठवत राहिली. त्यांतल्या आर्मेनियन अक्षरांमुळेच पुढच्या अभ्यासकांना तिचा माग लागला. किटीला सहा-सात वर्षांची असताना बोटीने स्कॉटलंडला, थिओडोरच्या माणसांकडे धाडलं. तो काळ म्हणजे पेशवाई बुडाली तो काळ. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागून वर्ष-दोन वर्षं झालेली. आपण ती वर्षं लढायांच्या तारखांनी पाठ करतो. त्याच वर्षांत सुरतेची एक आई मुलीला समुद्रावर सोडत होती. थिओडोरही १८२० मध्ये मायदेशी निघाला आणि वाटेत समुद्रावरच वारला.

त्याच्या मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख आहे. बायको म्हणून नाही. "घर सांभाळणारी" म्हणून.

हा शब्द कार्डावर लिहायचा की नाही, यावर भाचीशी बराच वेळ बोलणं झालं. ती म्हणाली, "मावशी, तू लिहिलंस तर आपणही तिला तेच म्हटल्यासारखं होईल." मला वाटतं लिहायला हवा, कारण कागदावर ती ज्या शब्दाने उरली तो शब्दही इतिहास आहे. पण तो नावाखाली नको. कार्डाच्या मागे, मृत्युपत्रातला शब्द म्हणून. पुढच्या बाजूला: एलायझा केवार्क, सुरत. कॅथरीन, अलेक्झांडर यांची आई.

२२ जुलै

कालचं राहिलेलं. किटी ॲबर्डीनच्या बाजूलाच वाढली आणि जेम्स क्रॉम्बीशी तिचं लग्न झालं. क्रॉम्बी म्हणजे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं घराणं. त्यांच्या नावाचे ओव्हरकोट अजून ओळखले जातात. स्पेन्सर मेंढ्यांवर मोठे झाले, क्रॉम्बी लोकरीवर. तक्त्याच्या दोन टोकांना एकच माल. किटी १८९३ पर्यंत जगली, एक्याऐंशी वर्षांची होऊन गेली.

२७ जुलै

पावसाची उघडीप पाहून फोर्टात जाऊन आले. तक्त्यासाठी दोन फोटो हवे होते. एक, मेडोज स्ट्रीट म्हणजे आताच्या नगिनदास मास्टर रोडवरचं सेंट पीटरचं आर्मेनियन चर्च, १७९६ चं. एलायझा मुंबईत येऊन राहिल्याचा पुरावा नाही, म्हणून फोटोखाली तिचं नाव घालणार नाही. "मुंबईतल्या आर्मेनियन वस्तीची खूण" एवढंच लिहीन. दुसरा फोटो काळाघोड्याचा. केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा रस्ता आता डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग आहे, पण जुनी माणसं अजून फोर्ब्स स्ट्रीटच म्हणतात. थिओडोर ज्या कंपनीत भागीदार होता, तिचंच हे नाव.

फोर्ब्सचं नाव एका रस्त्याला मिळालं. एलायझा कुठे पुरली गेली, तेही तक्त्यात लिहिता येत नाही. त्या रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिले.

२९ जुलै

डायनाच्या लग्नाचा दिवस, १९८१, सेंट पॉल. आज सगळ्यांत अवघड चौकट लिहिली: जनुकांची.

बरीच वर्षं एलायझाची ओळख "आर्मेनियन" एवढीच दिली जायची. २०१३ मध्ये तिच्या मातृवंशातल्या दोन नातलगांच्या लाळेची तपासणी जाहीर झाली. पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचं स्वतःचं छोटं जनुकसूत्र असतं. ते मुलाला आणि मुलीला, दोघांनाही आईकडूनच मिळतं. पुढे मात्र ते फक्त मुलगीच देते. त्यामुळे आईची आई, तिची आई, अशी एकच सरळ रेघ त्यात दिसते. तपासणीत जो गट निघाला तो अत्यंत दुर्मीळ, जवळजवळ फक्त भारतीय उपखंडातच सापडणारा. वडिलांकडून आर्मेनियन नाव, पण एलायझाच्या आईकडची बाजू इथलीच.

चौकटीत एक गोष्ट स्पष्ट लिहायची: यावरून "विल्यम भारतीय आहे" असं ठरत नाही. एवढ्या पिढ्यांनंतर तिच्याकडून आलेला बाकी जनुकांचा वाटा फारच थोडा. सिद्ध होतं ते इतकंच, की एलायझापासून विल्यमपर्यंतच्या आठ जणांत आईची कडी कुठेही तुटलेली नाही. विल्यममध्ये ते सूत्र आहे, पण तो ते पुढे देणार नाही. ते पुढे जातं डायनाच्या बहिणींच्या मुलींकडून.

भाची रेघा आखता आखता म्हणाली, "म्हणजे मावशी, तुझं आणि माझं एकच." हो. माझं, माझ्या बहिणीचं आणि हिचं. हिच्या मामेभावाचं मात्र वेगळं.

४ ऑगस्ट

एकाच मोठ्या कागदावर छपाई महाग पडत होती, म्हणून ए-थ्रीचे बारा कागद जोडून तक्ता केला. जोडावर नाव येणार नाही असं बघताना अर्धा दिवस गेला.

प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी एक कोरा कागद ठेवायचं ठरलं: आईची आई, तिची आई, असं जितकं आठवेल तितकं लिहा. आधी आम्ही दोघींनी करून पाहिला. आईचं माहेरचं नाव आलं, आजीचं आलं. पणजीचं सासरचं नाव माहीत होतं, पण लग्नात बदलण्याआधी तिला काय म्हणायचे ते घरात कुणालाच सांगता येईना. आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आम्ही तिला आजी म्हणायचो गं."

आमच्या कुलवृत्तांतात मात्र बापाकडच्या अकरा पिढ्या आहेत.

९ ऑगस्ट

तक्ता लागला. शेवटच्या दोन दिवसांत दोन गोष्टी वाढवल्या.

पहिली, शिंपला. स्पेन्सरांच्या ढालीवर काळ्या पट्ट्यावर तीन शिंपले आहेत. मूळ ढाल डिस्पेन्सरांची, त्या खोट्या वंशावळीबरोबर उचललेली. शिंपले मात्र स्पेन्सरांनी वेगळेपणासाठी घातलेले, म्हणजे त्यात त्यांचं स्वतःचं काही असेल तर ते हेच. विल्यमला १८ व्या वाढदिवशी स्वतःचं चिन्ह मिळालं, तेव्हा त्यावर आईची खूण म्हणून एक लाल शिंपला होता. हॅरीच्या चिन्हावर तीन. भाचीने तो शिंपला डायनाच्या कार्डावर लाल शाईने काढला.

त्याला लागूनच एक टीप लावली. २०१३ च्या कायद्याने ब्रिटनच्या गादीसाठी मुलाला मुलीच्या पुढे काढणं बंद झालं, म्हणून विल्यमची मुलगी शार्लट एलिझाबेथ डायना धाकट्या भावाच्या आधी रांगेत आहे. अर्लपदाला तो कायदा लागू नाही. अल्थॉर्पची पदवी अजूनही मुलाकडेच जाणार.

दुसरी गोष्ट म्हणजे एलायझाच्या वरचं कार्ड. तांबडं, बाकीच्यांएवढंच. नाव नाही, साल नाही. आधी कोरंच ठेवणार होते, पण कोरं कार्ड पाहून लोकांना छपाई राहिली असं वाटलं असतं. म्हणून त्यावर मधोमध लिहिलं: एलायझाची आई. खाली सलग रेघ. तुटक नाही, कारण या एका रेघेला पुरावा आहे.

वाचनालयातल्या बाईंनी स्टूल धरलं, भाचीने टाचण्या दिल्या. ते कार्ड सगळ्यांत वर, तुळईला टेकलंय. खालून वाचता येत नाही, म्हणून उद्या तक्ता वीतभर खाली घ्यायचा. त्यासाठी पहिल्या बॅरनच्या खालची खुर्ची हलवावी लागेल.